विसरला, की ठसलंच नाही?

मल्टिपल स्क्लेरॉसिस म्हटलं की काठी आठवते, चाकाची खुर्ची आठवते. स्मृती नाही आठवत. पण पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात 1868 मध्ये शार्को यांनी या रोगाचं चित्र पहिल्यांदा नीट उभं केलं, तेव्हाच त्यांनी रुग्णांची स्मरणशक्ती क्षीण झाल्याचं नोंदवलं होतं. पुढे शंभरेक वर्षं वैद्यकाचं लक्ष पायांवर आणि डोळ्यांवर. 1991 मध्ये अमेरिकेत स्टीफन राव यांनी 100 रुग्ण तपासले. 48 जणांची बुद्धीची कामं कमी-अधिक अडत होती.

आपल्याकडे तर हा गोऱ्या लोकांचा रोग, अशीच समजूत! मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया यांनी तो पारशी समाजात लक्षणीय प्रमाणात असल्याचं दाखवलं, तो निबंध 1990 चा. रुग्णांची राष्ट्रीय संस्थाही मुंबईतच, 1985 मध्ये सुरू झाली. वटारहून नालासोपाऱ्याला जाऊन लोकल पकडायची, इतक्या जवळचा हा इतिहास.

मेंदूत होतं काय? मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं, वायरीवर प्लास्टिक असतं तसं. शरीराची संरक्षणव्यवस्थाच ते कुरतडते. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी 2007 मध्ये दाखवलं की हे हिप्पोकॅम्पसमध्येही घडतं, म्हणजे नवी आठवण जिथे घडते तिथेच. आणि करड्या भागातले असे डाग नेहमीच्या एमआरआयवर बहुधा दिसत नाहीत. रिपोर्ट 'तसाच', माणूस मात्र विसरतोय. मग घरचे म्हणतात, लक्षच नसतं याचं.

इथे मला आपले नैयायिक आठवतात. (तत्त्वज्ञानाचा मास्तर, इलाज नाही!) स्मृती म्हणजे संस्कारातून उपजलेलं ज्ञान, आणि तो संस्कार जागा करणारा तो उद्बोधक. मग बिघाड कुठे? संस्कारात, की उद्बोधात? आधी वाटे, उद्बोधात. 1994 मध्ये न्यू जर्सीच्या जॉन डीलुका यांनी रुग्णांना शब्दांची यादी पक्की होईपर्यंत पुन्हा पुन्हा दिली. त्यांना निरोगी माणसांपेक्षा जास्त फेऱ्या लागल्या. पण एकदा पक्की झाल्यावर, नंतर आठवायला सांगितलं, तर ते निरोगी माणसांच्या बरोबरीनं आठवत होते. म्हणजे विसरणं कमीच. ठसायलाच वेळ लागत होता. सगळ्यांचं असंच असतं असं नाही, काहींचा उद्बोधही अडतो.

तेव्हा घरात असा रुग्ण असेल तर डॉक्टरांना चालण्याबरोबर हेही सांगा. यादी वाचून दाखवून घ्यायची छोटी चाचणी असते, पंधरा-वीस मिनिटांत होते.