चिठ्ठी, फासा आणि सर्वज्ञ ईश्वर

चिठ्ठ्या टाकून निर्णय घेण्याच्या प्रथेला ख्रिस्ती युरोपात प्रत्यक्ष धर्मग्रंथाचा आधार होता. येशूच्या शिष्यांपैकी यहूदाच्या रिकाम्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्यांनी झाल्याची नोंद ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात आहे, आणि चिठ्ठीचा निकाल परमेश्वराच्या हाती असतो ही समजूत ‘नीतिसूत्रे’ या त्याहून जुन्या ग्रंथाने दृढ केली होती. तेराव्या शतकात थॉमस अॅक्वायनस याने वाटणी करण्यासाठी, सल्ला मागण्यासाठी आणि भविष्य जाणण्यासाठी टाकायच्या चिठ्ठ्या असे या प्रथेचे तीन प्रकार पाडले. त्यांपैकी पहिल्याला त्याने फारशी हरकत घेतली नाही, तर तिसऱ्याकडे तो सर्वाधिक संशयाने पाहत होता. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावताना मूर्तीवर ओल्या कळ्या वा पाकळ्या चिकटवून, उजवीकडची आधी पडली की सहसा होकार मानतात, त्यामागेही हाच विश्वास आहे, की माणसाला न दिसणारे देवाला दिसते आणि ते तो एखाद्या क्षुल्लक घटनेतून कळवतो.

या विश्वासाची कसून तपासणी केली ती लंडनजवळच्या रॉदरहाइथ येथील धर्मोपदेशक थॉमस गॅटकर याने. 1619 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाचा विषय चिठ्ठ्यांचे स्वरूप आणि उपयोग हा होता, आणि निमित्त होते पत्ते व फासे यांच्या खेळांवरून प्युरिटन पंथीयांत पेटलेल्या वादाचे. फाशाच्या प्रत्येक दानात ईश्वर स्वतः निर्णय देतो, म्हणून करमणुकीसाठी फासे टाकणे हा त्याचा अवमान आहे, असे कडव्या मंडळींचे म्हणणे होते. गॅटकरने त्यावर विचारले, की तसे असेल तर कोणत्याही जुगाऱ्याला वाटेल तेव्हा ईश्वराला कामाला लावता येईल, आणि हे कोणत्या धर्मात बसते? दान पडणे ही इतर कोणत्याही घटनेसारखीच घटना असून ती ईश्वराच्या सर्वसाधारण योजनेत येते, तिच्यात वेगळा हस्तक्षेप शोधू नये, असा त्याचा निष्कर्ष होता. प्रथा मात्र युक्तिवादाने थांबली नाही. सॅक्सनीतील हेर्नहूट येथे वाढलेला मोरेव्हियन पंथ विवाहासारखे निर्णयही चिठ्ठीवर सोपवत असे, आणि विवाहातील ही सक्ती 1818 च्या धर्मसभेनंतरच बव्हंशी उठली.

दरम्यान गणितज्ञांनी दैवयोगाचा अर्थ बदलून टाकला. 1814 साली लाप्लास याने अशा एका बुद्धीची कल्पना मांडली, जिला एका क्षणी विश्वातील सर्व बले आणि सर्व वस्तूंच्या स्थिती ठाऊक असतील तर तिला भूत आणि भविष्य सारखेच स्पष्ट दिसेल. या मतानुसार फाशाचे दान अनिश्चित वाटते ते केवळ माणसाच्या अज्ञानामुळे, आणि सर्वज्ञता म्हणजे पूर्ण माहितीवर केलेला अचूक हिशेब. लाप्लासने या बुद्धीला ईश्वर म्हटले नव्हते. पण एकोणिसाव्या शतकातील सुशिक्षितांच्या मनातील ईश्वर हळूहळू तिच्यासारखा दिसू लागला, आणि पुढची अडचण तिथेच निर्माण झाली.

1927 साली भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गने पुंजभौतिकीत मांडलेले अनिश्चिततेचे तत्त्व असे, की कणाचे स्थान आणि संवेग, म्हणजे वस्तुमान व वेग यांचा गुणाकार, या दोहोंच्या मूल्यांतील अनिश्चितता एकाच वेळी हवी तेवढी कमी होऊ शकत नाही. उपकरणाच्या धक्क्यामुळे कण हलतो एवढाच याचा अर्थ घेतला तर तो अपुरा ठरतो, कारण प्रचलित अर्थानुसार कणाला अशी दोन्ही नेमकी मूल्ये मुळात नसतातच. आणि जे अस्तित्वातच नाही ते न जाणणे हे सर्वज्ञतेतील न्यून म्हणता येत नाही. खरा पेच आहे तो भविष्याचा. रेडियम-226 चा अर्धायुकाल, म्हणजे त्याचे निम्मे अणू विघटित होण्यास लागणारा काळ, सुमारे 1600 वर्षे असतो. पण एखादा विशिष्ट अणू आज फुटेल की हजार वर्षांनी, हे ठरवणारे कोणतेही कारण पुंजभौतिकीत नाही. डिसेंबर 1926 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ माक्स बोर्नला लिहिलेल्या पत्रात आइन्स्टाइनने फासे टाकणाऱ्या ईश्वराची कल्पना नाकारली ती याच कारणाने. पुढे जॉन बेलचा 1964 चा सिद्धांत आणि अॅलन अॅस्पे यांचे 1982 चे प्रयोग यांमुळे अशा घटनांमागे दडलेली कारणे मानण्याचा मार्ग अरुंद झाला. तो पूर्णपणे बंद झाला नाही, कारण डेव्हिड बोमच्या 1952 च्या मांडणीत निकाल आधीच ठरलेला असतो, मात्र त्यासाठी दूरच्या कणांमधील तात्काळ संबंध मान्य करावा लागतो.

धर्मशास्त्रज्ञांनी यावर वेगवेगळी उत्तरे दिली, आणि त्यांतले एक बरेच जुने निघाले. जीवरसायनशास्त्रज्ञ व अँग्लिकन धर्मगुरू आर्थर पीकॉक यांनी असे मानले, की ईश्वराने स्वतःच्या ज्ञानाला आपणहून मर्यादा घातली असून अशा घटनांची केवळ संभाव्यता त्याला ठाऊक असते. सहाव्या शतकातील तत्त्वज्ञ बोएथियसचा ईश्वर कारणांवरून अनुमान काढतच नव्हता, तर कालाबाहेर राहून सर्व काळ एकदम पाहत होता. त्यामुळे निष्कारण घटनेनेही त्याची सर्वज्ञता ढळत नाही आणि पुंजभौतिकीने बाधते ती फक्त लाप्लासची हिशेबी बुद्धी. अमेरिकेतील ओक रिज येथील भौतिकशास्त्रज्ञ आणि धर्मगुरू विल्यम पोलार्ड यांनी 1958 मध्ये तिसरा मार्ग धरला: निसर्गनियम जो निकाल मोकळा सोडतात तो ईश्वर ठरवतो. असे म्हणताना पोलार्ड नकळत गॅटकरच्या विरोधकांच्या बाजूला जाऊन उभे राहिले, कारण त्यांच्या मते प्रत्येक अणूचे फुटणे हा ईश्वराचा निर्णय ठरतो. मग रेडियमबाबतचे हे सारे निर्णय मिळून 1600 वर्षांचे तेच गणित दर वेळी का पाळतात, हेही सांगावे लागते. आणि किरणोत्सारी पदार्थाशेजारी गायगर गणक सुरू करणारा प्रयोगशाळेतील विद्यार्थीही त्या जुगाऱ्याइतक्याच सहजपणे ईश्वराकडून एकामागून एक निकाल घेऊ लागतो.