ओल्या धुरातील कार्बन डायऑक्साइड : अधिशोषकांचा इतिहास

मागील पाठात अधिशोषणाची समीकरणे आपण कोरड्या, शुद्ध वायूसाठी मांडली. धुरांड्यातून येणारा वायू मात्र कोरडा नसतो. कोळसा किंवा नैसर्गिक वायू जळताना पाण्याची वाफही तयार होते आणि सच्छिद्र पदार्थात कार्बन डायऑक्साइडसाठी असलेल्या जागा ती बळकावते. ही अडचण कशी पुढे आली, ते पाहू.

या इतिहासात पाणी पहिल्यापासून आहे. १७५६ मध्ये स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ आक्सेल क्रोनस्टेट यांनी एक खनिज फुंकनळीच्या ज्योतीत तापवले, तेव्हा ते उकळल्यासारखे फसफसले. म्हणून ‘उकळणारा दगड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून त्यांनी त्याला जिओलाइट हे नाव दिले. (दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत जिओलाइटे विपुल आहेत; पुणे-नाशिककडच्या दगडखाणींत ती सापडतात.) फसफसले ते स्फटिकाच्या छिद्रांत बसलेले पाणी. पुढे युनियन कार्बाइडमध्ये रॉबर्ट मिल्टन यांनी कृत्रिम जिओलाइटे घडवली आणि १९५४ पासून ती ‘रेण्वीय चाळण्या’ म्हणून विकली जाऊ लागली. वायू सुकवणे हे त्यांचे एक मुख्य काम होते. पाणी घट्ट धरणे हा ज्यांचा गुण, त्यांनाच ओल्या वायूतून कार्बन डायऑक्साइड वेचायला सांगणे अवघडच!

कारण सोपे आहे. जिओलाइटच्या छिद्रांत सोडियम, कॅल्शियमसारखे धन आयन असतात. पाण्याच्या रेणूला कायमचा द्विध्रुव आघूर्ण असतो. कार्बन डायऑक्साइडला तो नसतो, फक्त चतुर्ध्रुव आघूर्ण असतो. साहजिकच आयन पाण्याला अधिक जोराने ओढतो.

१९७३ च्या स्कायलॅब अंतराळस्थानकात अंतराळवीरांच्या उच्छ्वासातील वायू काढण्यासाठी दोन जिओलाइटे वापरली गेली : आधी १३-एक्सने हवा सुकवायची, मग ५-ए ने कार्बन डायऑक्साइड धरायचा. नंतर भांडे निर्वाताला उघडले की दोन्ही अवकाशात निघून जात. आंतरराष्ट्रीय स्थानकात सुकवणीचे थर वेगळे ठेवून पाणी केबिनच्या हवेत परत आणले जाते. माझ्या मते हे प्रश्न सोडवणे नव्हे, प्रश्न बाजूला ठेवणे आहे. तीन माणसांच्या खोलीत ते परवडते. वीजकेंद्राचा सगळा धूर सुकवायला लागणारी ऊर्जा परवडत नाही.

१९९९ मध्ये एमओएफ-५ आणि एचकेयूएसटी-१ या धातू-सेंद्रिय चौकटी प्रसिद्ध झाल्या आणि आशा वाढली. पण एमओएफ-५ दमट हवेत मोडते. पाणी तिच्या जस्त-ऑक्सिजन बंधांवरच हल्ला करते. मॅग्नेशियमयुक्त एमओएफ-७४ कोरड्या वायूत फार सरस ठरली होती. २०११ मधील प्रयोगात ७० टक्के आर्द्रतेनंतर पुनरुज्जीवित केल्यावर तिची मूळ क्षमतेच्या सुमारे १६ टक्केच उरली. त्यामुळे शोधनिबंधातला क्षमतेचा आकडा वाचताना वायू कोरडा होता का, हे विद्यार्थ्यांनी आधी पाहावे.

पाणी नेहमीच शत्रू असते असेही नाही. एचकेयूएसटी-१ मधील तांब्याला थोडे पाणी जोडलेले असताना कार्बन डायऑक्साइड अधिक धरला जातो, असे २००९ मध्ये दिसले. अमाइन लावलेल्या पदार्थांत कोरड्या स्थितीत एका रेणूला दोन अमाइन गट खर्ची पडतात. पाणी असेल तर बायकार्बोनेट बनून एकावरही भागू शकते.

२०२१ मध्ये कॅलगरीच्या जॉर्ज शिमिझू यांच्या गटाने काल्फ-२० चे निष्कर्ष मांडले. जस्त, ट्रायझोल आणि ऑक्झलेट यांच्या या चौकटीत पाण्याला पकडायला उघडा धातू मिळत नाही. सुमारे ४० टक्के सापेक्ष आर्द्रतेपर्यंत ती कार्बन डायऑक्साइडलाच पसंती देते. त्यापुढे पाणी वरचढ होऊ लागते.