लोणारचा क्षार आणि वऱ्हाडांतील वाड्यांची काच

( १ )

जुना वाडा पाडला जातो तेव्हां त्यांतील वस्तूंची वाट बहुधा ठरलेली असते. सागवानी खांब व तुळया लांकडाच्या वखारींत जातात; घडीव दगड दुसऱ्या इमारतीच्या पायांत जातो; आणि दप्तर शिल्लक असलें तर तें एखाद्या संग्राहकाच्या हातीं लागण्याचा संभव असतो. काच मात्र उकिरड्यावर जाते. रंगीत तावदानें, हंड्या, झुंबरांचे लोलक, दिवालगिऱ्या, पाऱ्याचे आरसे, काचेच्या पाठीवर काढलेलीं चित्रें हीं इतिहासाचीं साधनें होत, असें आपण अद्याप मनापासून मानलेलें नाहीं.

वऱ्हाडाच्या बाबतींत हा अनादर विशेष खटकण्यासारखा आहे. काचेचा एक प्रमुख घटक ज्या प्रांतांत निसर्गतः विपुल मिळतो असें चारशें वर्षांपूर्वींच लिहून ठेवलें गेलें, त्याच प्रांतांतील वाड्यांना खिडकीची काच मात्र परदेशाहून आणावी लागली. असें कां झालें, आणि त्या काचेवरून आपणांस काय वाचतां येतें, एवढ्याच दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

( २ )

प्रथम शब्दाकडे पाहूं. अमरसिंहानें वैश्यवर्गांत 'क्षार' आणि 'काच' हे शब्द एकाच अर्थीं दिले आहेत. कोशाच्या विद्यार्थ्यास हें विचित्र वाटतें. भट्टीजवळ बसणारास तें मुळींच वाटणार नाहीं. शुद्ध वाळू वितळविण्यास सतराशें अंश सेंटिग्रेडहून अधिक उष्णता लागते. तींत क्षार मिसळला म्हणजे ती पुष्कळ कमी उष्णतेवर रसरूप होते, आणि चुन्याचा अंश असला म्हणजे झालेली काच पाण्यानें विरघळत नाहीं. तात्पर्य, काच म्हणजे क्षारानें वश केलेली वाळू. अमराचा पर्याय कविकल्पना नसून कारागिराच्या बोलीवरून आलेला असावा, असें मला वाटतें.

कौटिल्यानें सोन्याच्या कामाचे प्रकार सांगतांना सोन्यांत काच बसविण्याच्या कामास 'क्षेपण' ही संज्ञा दिली आहे. अर्थात् तेव्हां काच दागिन्यांत मानानें बसत होती. पुढें सुभाषितकारांनीं काच आणि मणि यांचें द्वंद्व लावून दिलें. काच म्हणजे खोटा मणि, हा संस्कार पिढ्यान्पिढ्या पाठांतरानें दृढ झाला. आमच्या संग्रहांत काचेला स्थान नाहीं याचें एक कारण हा संस्कारही असूं शकेल.

( ३ )

अबुल फजलानें आईन-इ-अकबरींत वऱ्हाड सुभ्याचें वर्णन केलें आहे. त्यांत इलिचपूर, म्हणजे आपलें अचलपुर, हें मोठें शहर व राजधानी म्हणून येतें. पूर्वींच्या इमादशाहीचीही तीच राजधानी होती. त्याच वर्णनांत मेहकराकडील लोणार येतें. तेथील खाऱ्या सरोवरांत काच व साबण करण्याचें द्रव्य मिळतें आणि त्या खारापासून सरकारास चांगला वसूल येतो, असें तो नमूद करतो. मोगल दरबाराच्या नजरेंत लोणारचें तीर्थमाहात्म्य होतें, तसें त्याचें काचेशीं असलेलें नातेंही होतें, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

उन्हाळ्यांत पाणी आटलें म्हणजे सरोवराच्या कांठीं क्षाराचे थर बसतात. डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशीं त्यांच्या जातींचीं नांवें जुन्या नोंदींत आढळतात. हा क्षार बांगड्यांची काच, साबण व रंगकाम यांत वापरला जाई. ज्या खळग्यांत हें सरोवर आहे तो सुमारें पावणेदोन किलोमीटर व्यासाचा असून उल्कापातानें झाला आहे. त्या आघातानें खडकांतील स्फटिकांचीच काच झाल्याचें १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें. मनुष्यानें क्षार उचलण्यापूर्वींच निसर्गानें तेथें काच केली होती.

( ४ )

मग तावदान कां झालें नाहीं ? उत्तर असें कीं मणी व बांगडी यांची विद्या वेगळी आणि तावदानाची वेगळी. बांगडीस लहान भट्टी, लोखंडी सळई व चपळ हात पुरतो. तावदानासाठीं नळीनें काचेचें मोठें नळकांडें फुंकावें लागतें, तें उभें चिरून पुन्हां तापवून सपाट करावें लागतें, आणि मग संथपणें निववावें लागतें. नाहीं तर तें आपोआप तडकतें. त्यास मोठी भट्टी, अखंड जळण आणि स्वच्छ वाळू हवी. आमचा बहुतेक प्रदेश काळ्या कातळाचा. तशी वाळू येथें सहज मिळत नाहीं.

पहिली विद्या आपल्याकडे किती मुरलेली होती याची साक्ष कोल्हापुरजवळच्या ब्रह्मपुरीनें दिली. १९४५-४६ मधील उत्खननांत तेथें बहामनी काळच्या थरांत बहुरंगी काचबांगड्या निघाल्या. त्या उत्खननांतील एक संशोधक डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनींच पुढें आमच्या जिल्ह्यांतील कौंडिण्यपुर खणलें व भारतीय काचेचा इतिहास लिहिला; तो १९६९ सालीं प्रसिद्ध झाला. दुसऱ्या विद्येची जरूरही जुन्या स्थापत्यास नव्हती. अचलपुरजवळचा हौज कटोरा पाहावा : उजेड व वारा उघड्या कमानींतून येतो, काचेस तेथें जागाच नाहीं.

तावदानाची हौस आली ती मुंबईच्या व्यापाराबरोबर. मुंबई-नागपुर लोहमार्ग १८६७ सालीं पुरा झाला. मुर्तिजापुराहून अचलपुरास आगगाडी १९१३ सालीं आली. कापसाच्या पैशाबरोबर काचेच्या पेट्या आंत येऊं लागल्या. तळेगांव दाभाडे येथें पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ सालीं निघाला, ओगलेवाडीचा १९१६ सालीं. पण ओगल्यांचा लौकिक झाला तोही प्रभाकर कंदिलानें, खिडकीच्या काचेनें नव्हे.

( ५ )

आतां काच वाचावी कशी तें सांगतों. तावदान तिरपें धरून पाहावें. वर्तुळाकार पुसट रेषा दिसल्या तर तें फिरवून पसरलेल्या चकतींतून कापलेलें. सरळ समांतर रेषा व लांबट बुडबुडे दिसले तर तें चिरलेल्या नळकांड्याचें. १९५९ सालीं इंग्लंडांत जाहीर झालेल्या, वितळलेल्या कथलावर पसरलेल्या काचेंत यांपैकीं कांहींच दिसणार नाहीं. असें तावदान जुन्या चौकटींत असलें तर तें मागाहून बसविलेलें. पांढऱ्या काचेंत फिकी जांभळी झांक असली तर ती मँगनीजाची. वर्षानुवर्षांच्या उन्हानें ती उमटते.

रंगांतही काळ असतो. निळा कोबाल्टाचा, तांबडा तांब्याचा किंवा सोन्याचा. तांबडें तावदान कडेनें पाहावें : पुष्कळदां पांढऱ्या काचेवर तांबड्या काचेचा पातळ पापुद्रा दिसतो, कारण सबंध जाडी रंगविली तर उजेडच आंत येणार नाहीं. हिरवट पिंवळी काच अतिनील दिव्याखालीं चमकली तर तींत युरेनियम आहे आणि ती १८३० पूर्वींची असण्याचा संभव फार थोडा. युरोपांतील देवळांत रंगीत तुकडे शिशाच्या पट्टींत जोडीत. आमच्या सुतारांनीं ते लांकडी चौकटीच्या खांचेंत बसविले. म्हणून काच परदेशची असली तरी तिची मांडणी बहुधा येथील हाताची आहे.

आरशाची पाठ पाहावी. करडी, दाणेदार, कोठें पाऱ्याचा सूक्ष्म थेंब दाखविणारी पाठ कथील-पाऱ्याची व जुनी. चांदीची कलई लीबिगनें १८३५ सालीं शोधली व शतकाच्या उत्तरार्धांत ती रूढ झाली. तिचे डाग काळसर पडतात. काचेवरील चित्र हें पाठीकडून उलट क्रमानें काढलेलें असतें : आधीं डोळ्यांच्या व दागिन्यांच्या बारीक रेषा, मग अंग, शेवटीं पार्श्वभूमि. म्हणून त्याची पाठ कधींही ओल्या फडक्यानें पुसूं नये; एकदां रंग सुटला कीं चित्र गेलें.

( ६ )

संग्राहक बंधूंस विनंति एवढीच. वाडा पाडला जात आहे असें कळलें कीं दप्तराबरोबर काचही मागावी. तावदान कोणत्या सोप्याचें, कोणत्या दिशेचें, लांबीरुंदी किती, हें तें काढण्यापूर्वीं लिहावें व छायाचित्र घ्यावें. फुटलेले तुकडेही क्रमांक घालून ठेवावे. कडेचा पापुद्रा फुटक्या तुकड्यांतच उत्तम दिसतो. त्याच घराच्या जमाखर्चांत काच, तावदान, हंडी, झुंबर, आरसा हे शब्द शोधून त्यांची रक्कम व मिति त्या क्रमांकाशीं जोडावी. वस्तु आणि नोंद एकत्र आल्याखेरीज दोहोंचाही अर्थ पुरा लागत नाहीं.

शनिवारवाड्यांत आरसेमहाल होता हें कागदांवरून आपण जाणतों. १८२८ च्या आगींत वाडा गेला, आणि ते आरसे कसे होते हें सांगण्यास त्यांतील एखादा तुकडा आज उपयोगी पडला असता. वऱ्हाडांतील वाडे आगीवांचूनच जात आहेत. तेथील काच अजून कांहीं ठिकाणीं चौकटींत उभी आहे. ती आहे तोंवरच हें टिपण करून घेतलें पाहिजे.