मेंढी, लोकर आणि माती

आपल्या समाजाच्या इतिहासाचा विषय निघाला म्हणजे सुभेदार मल्हारराव होळकर (१६९३–१७६६) आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी (१७२५–१७९५) यांची नावे प्रथम ओठांवर येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु तलवारीचा व राज्यकारभाराचा इतिहास जसा आपला, तसाच वाड्याचा, कळपाचा आणि कातरीचा इतिहासही आपलाच होय. तो बखरींत क्वचितच सापडतो. दख्खनच्या मातीत मात्र तो मुरलेला आहे. त्यातील एका उपेक्षित प्रकरणाकडे समाजबांधवांचे लक्ष वेधावे, एवढाच आमचा हेतू आहे.

दिवाळी सरली की माणदेशासारख्या अवर्षणप्रवण मुलखातले वाडे चाऱ्याच्या शोधात बाहेर पडत, काही घाट उतरून कोकणापर्यंत जात, आणि पावसाच्या तोंडावर परतत. वाटेत शेतकरी आपल्या रिकाम्या रानात मेंढरे बसवून घेत. रात्रभर लेंड्या व मूत्र जमिनीत पडे आणि पुढल्या पिकास बळ येई. त्याबद्दल धान्य किंवा पैसा मिळे. ही कोणाची मेहेरबानी नव्हे, दिलेल्या खताचा तो रास्त मोबदला होता. ही रीत आजही पुष्कळ ठिकाणी चालू आहे.

अशा रीतीने मेंढीची लेंडी शेताला गेली आणि लोकर मागाला. हटकरांनी मेंढरे राखावी, सनगरांनी लोकरीचे घोंगडे विणावे व चिंचोक्याची खळ देऊन ते घट्ट करावे, अशी ही साखळी होती. पाऊस, थंडी, अंथरूण, देवकार्य, सर्वत्र घोंगडे लागे. पुढे स्वस्त गिरणी कापड आणि कृत्रिम धाग्यांची ब्लँकेटे आली, मागणी घटली. मांसासाठी माडग्याळसारख्या थोराड मेंढ्यांना पसंती मिळू लागली. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, आणि एका मेंढीची वर्षाची लोकर ती केवढी, सुमारे अर्धा किलो! आज अनेक ठिकाणी तिच्या किमतीतून कातरणाराची मजुरीही सुटत नाही. कातरणी तर टाळता येत नाही. म्हणून लोकर बांधावर फेकली जाते. ज्या वस्तूवर पिढ्यान् पिढ्या आपली चूल पेटली, ती अशी उघड्यावर पडलेली पाहून कोणास खंत वाटणार नाही?

टाकाऊ लोकरीचा प्रश्न इतरांपुढेही आला होता. इंग्लंडमधील यॉर्कशायरात, बॅटली गावी, बेंजामिन लॉ याने १८१३ च्या सुमारास जुन्या लोकरी चिंध्या पिंजून, त्यात नवी लोकर मिसळून पुन्हा सूत कातण्याची युक्ती काढली. या मालास ‘शॉडी’ म्हणत. गिरण्यांतून जो आखूड तंतू व धूळ उरे, त्यातून सूत निघत नसे. तेथील शेतकऱ्यांनी तो कचरा शेतात घातला. वेकफील्डच्या आसमंतात रुबार्ब नावाची आंबट देठांची भाजी पिकते; तिची मुळे पोसण्यासाठी हे लोकरी खत नावाजले गेले. गिरणीने टाकलेले बागेने उचलले. त्या रुबार्बला २०१० साली युरोपात संरक्षित नामाचा मान मिळाला.

यामागील कारण सोपे आहे. लोकर म्हणजे केस व शिंग यांच्याच जातीचे प्रथिन. त्यात नत्र भरपूर, गंधकही बऱ्यापैकी. न धुतलेल्या लोकरीत मेंढीच्या घामाचे क्षार असतात, त्यांतून पालाश मिळते. जमिनीतील सूक्ष्म जीव हा तंतू सावकाश कुजवितात, त्यामुळे पोषण एकदम न सुटता महिनोन् महिने मिळत राहते. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या सुमारे एकतृतीयांश इतकी वाफ शोषून घेते. मातीत ती ओल धरून ठेवते. आटपाडी, सांगोल्याच्या हलक्या जमिनींस याहून अधिक काय हवे?

म्हणून आमची विनंती अशी. जी लोकर विकली जात नाही, विशेषतः लेंडीमुताने माखलेली, ती फेकू नये. रोप लावताना खड्ड्यात पसरून, भिजवून, वर वीतभर माती लोटावी. उघडी ठेवल्यास वारा व पाखरे ती नेतात. गोचिडांच्या औषधात नुकत्याच बुडविलेल्या मेंढ्यांची लोकर भाजीपाल्यास वापरू नये. हे खत संथ आहे. तातडीच्या खताची जागा ते घेणार नाही. आरंभी चार झाडांना घालावे, चार झाडे तशीच ठेवावी, आणि वर्षअखेर फरक डोळ्यांनी पाहावा.

घोंगड्याचा माग जेथे चालू आहे, तेथे चांगल्या लोकरीवर पहिला हक्क मागाचाच. उरलेली मातीला द्यावी. लेंडीचे मोल आपल्या पूर्वजांनी शेतकऱ्याकडून मान्य करून घेतले; लोकरीचे मोल मान्य करवून घेणे आता आपल्या पिढीकडे आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याच परसदारी व्हावी.