पांढऱ्या घोड्याची डिव्हिजन

दक्षिण कोरियाच्या लष्करातील नवव्या पायदळ डिव्हिजनला 'बेंगमा' म्हणजे 'पांढरा घोडा' या नावाने ओळखले जाते. एका टेकडीच्या झुंजीतून मिळालेले हे नाव त्या देशात शौर्याचे प्रतीक मानले जाते. त्याच डिव्हिजनच्या इतिहासात लष्करी शिस्तीला काळिमा फासणारी एक रात्रही आहे.

कोरियन युद्ध सुरू झाल्यानंतर चार महिन्यांनी, २५ ऑक्टोबर १९५० रोजी या डिव्हिजनची उभारणी झाली. पुढे देशाचे अध्यक्ष झालेले पार्क चुंग-ही हे तिच्या सुरुवातीच्या काळात चीफ ऑफ स्टाफ होते. अठ्ठाविसावी, एकोणतिसावी आणि तिसावी या तीन पायदळ रेजिमेंट हा तिचा कणा. घाईने भरती झालेल्या, अपुरे प्रशिक्षण मिळालेल्या या सैनिकांचा आरंभीचा अनुभव कटू होता. मे १९५१ मध्ये ह्यॉन-री येथे चिनी सैन्याने पिछाडीचा रस्ता रोखला, तेव्हा तिसरी व नववी अशा दोन्ही डिव्हिजनची फळी मोडली. अवजड शस्त्रे मागे टाकून सैनिक डोंगरांतून वाट काढत परतले. या पराभवानंतर त्यांची तिसरी कोअरच बरखास्त करण्यात आली.

टेकडी क्रमांक ३९५

हा डाग पुसला गेला तो दीड वर्षाने. चॉरवॉनच्या सुपीक मैदानाच्या वायव्येला ३९५ मीटर उंचीची एक टेकडी आहे. ती हातची गेली असती, तर मैदान आणि त्यातून जाणारे रसदीचे रस्ते शत्रूच्या माऱ्याखाली आले असते. ऑक्टोबर १९५२ च्या प्रारंभी शरण आलेल्या एका चिनी अधिकाऱ्याने हल्ल्याची पूर्वसूचना दिली. ६ ऑक्टोबरला चीनच्या अडतिसाव्या आर्मीने चढाई केली. टेकडीमागील ओढ्याला पूर यावा आणि कुमक अडावी, म्हणून जलाशयाचे पाणीही सोडण्यात आले.

डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल किम जोंग-ओ यांनी आपल्या रेजिमेंट आळीपाळीने लढवल्या. थकलेली तुकडी मागे घ्यायची, ताजी पुढे पाठवायची आणि गमावलेले शिखर लगेच प्रतिहल्ला करून परत घ्यायचे, अशी त्यांची पद्धत होती. अमेरिकी तोफखाना, रणगाडे व विमाने यांची भक्कम साथ मिळाली. दहा दिवसांत शिखर अनेकदा हातोहात बदलले. १५ ऑक्टोबरला ते कोरियन सैन्याकडे राहिले. नवव्या डिव्हिजनचे सुमारे साडेतीन हजार सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. चीनची हानी याहून कितीतरी मोठी होती. भडिमाराने झाडे नष्ट होऊन उघडी पडलेली टेकडी वरून पहुडलेल्या पांढऱ्या घोड्यासारखी दिसे. तेच नाव डिव्हिजनने स्वीकारले.

व्हिएतनाम आणि सोल

१९६६ मध्ये ही डिव्हिजन दक्षिण व्हिएतनाममध्ये गेली. निन्ह होआ येथे मुख्यालय ठेवून तिने तुय होआ ते काम रान्ह हा किनारपट्टीचा भाग सांभाळला. १९६७ च्या 'ओजाक्क्यो' मोहिमेत तिचे आणि कॅपिटल डिव्हिजनचे क्षेत्र जोडले गेले. १९७३ मध्ये ती मायदेशी परतली. या काळात एकोणतिसाव्या रेजिमेंटचे नेतृत्व काही काळ चुन डू-ह्वान नावाच्या कर्नलकडे होते.

हीच रेजिमेंट पुढे इतिहासात वेगळ्या कारणाने नोंदली गेली. ऑक्टोबर १९७९ मध्ये अध्यक्ष पार्क यांची हत्या झाली. १२ डिसेंबरच्या रात्री मेजर जनरल झालेल्या चुन यांनी लष्करप्रमुखांना अटक करवली. त्यांचे लष्करी अकादमीतील सहाध्यायी रोह ते-वू तेव्हा नवव्या डिव्हिजनचे प्रमुख होते. सीमेच्या संरक्षणासाठी ठेवलेली एकोणतिसावी रेजिमेंट त्यांनी संयुक्त सेनाकमानीची परवानगी न घेता सोलमध्ये आणली. उत्तरेकडे रोखलेल्या बंदुका स्वतःच्याच राजधानीकडे वळल्या. चुन आणि त्यांच्या पाठोपाठ रोह अध्यक्षपदी पोहोचले; मात्र १९९६ मध्ये दोघेही बंड व राजद्रोहाबद्दल दोषी ठरले. एप्रिल १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चुन यांची जन्मठेप व रोह यांची १७ वर्षांची शिक्षा कायम केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोघांना माफी मिळाली.

आजची रचना

सोलच्या वायव्येस गोयांग परिसरात डिव्हिजनचा तळ असून ती पहिल्या कोअरच्या अखत्यारीत येते. हान नदीच्या मुखाकडून होणारी घुसखोरी रोखणे हे तिच्या जबाबदाऱ्यांपैकी एक. जुन्या रेजिमेंट आता ब्रिगेड म्हणून ओळखल्या जातात. त्यांच्या जोडीला तोफखाना, टेहळणी, अभियांत्रिकी आणि दळणवळण पथके असतात. बहुतेक जवान सक्तीच्या लष्करी सेवेतून येतात.

निर्लष्करी पट्ट्यातील पांढऱ्या घोड्याच्या टेकडीवर २०२१ मध्ये मृत सैनिकांच्या अस्थींचा शोध सुरू झाला. डिव्हिजनचा गौरव तिथल्या मातीत आहे. सत्तेसाठी निघालेल्या त्या रात्रीचा निकाल मात्र न्यायालयाच्या दप्तरी नोंदलेला आहे.