म्यानमारमधील ख्रिस्ती नभोवाणी प्रसारण

बौद्धबहुल म्यानमारमधील (पूर्वीचा ब्रह्मदेश) श्रोत्यांसाठी ख्रिस्ती संस्था मुख्यतः देशाबाहेरील केंद्रांवरून जे धार्मिक व सामाजिक कार्यक्रम प्रसारित करतात, त्यांना म्यानमारमधील ख्रिस्ती नभोवाणी प्रसारण असे म्हणता येईल. बौद्ध श्रोत्यांपर्यंत ख्रिस्ती संदेश पोहोचविणे हा या प्रसारणाचा एक हेतू असला, तरी सीमाभागातील अल्पसंख्य ख्रिस्ती समाजांना त्यांच्या मातृभाषेतून धर्मशिक्षण मिळणे, हेही त्याचे मोठे कार्य ठरले.

पार्श्वभूमी

२०१४ च्या जनगणनेनुसार म्यानमारमध्ये बौद्ध सुमारे ८७.९ टक्के, तर ख्रिस्ती ६.२ टक्के आहेत. ख्रिस्ती लोक प्रामुख्याने चिन, काचिन, करेन, लिसू, लाहू अशा समाजांतील आहेत. १८१३ मध्ये रंगूनला आलेले अमेरिकन मिशनरी ॲडोनिराम जडसन यांनी १८३४ मध्ये बायबलचे बर्मी भाषांतर पूर्ण केले. १९६२ च्या लष्करी उठावानंतर मिशनच्या शाळांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९६६ मध्ये बहुतेक परदेशी मिशनऱ्यांना देश सोडावा लागला. नभोवाणी सरकारी नियंत्रणाखाली होती. त्यामुळे बाहेरून येणारा आवाज हा मिशनरी संस्थांना संपर्काचा एक मोजका मार्ग उरला.

प्रमुख केंद्रे

१९४५ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या फार ईस्ट ब्रॉडकास्टिंग कंपनीचे पहिले प्रसारण ४ जून १९४८ रोजी मनिला येथून झाले. पुढे या प्रॉटेस्टंट संस्थेने बर्मी, करेन, काचिन, लिसू, लाहू आदी भाषांत कार्यक्रम सुरू केले. कॅथलिक चर्चचे रेडिओ व्हेरितास एशिया हे केंद्र १९६९ मध्ये फिलिपीन्समध्येच सुरू झाले. ग्वाम बेटावरील ॲडव्हेंटिस्ट वर्ल्ड रेडिओचे केंद्र १९८७ पासून कार्यरत आहे.

मनिला ते यांगून हे अंतर अडीच हजार किलोमीटरहून अधिक आहे. लघुलहरी वातावरणाच्या आयनांबरावरून परावर्तित होत असल्याने एवढ्या अंतरावरही ऐकू येतात. वीज नसलेल्या खेड्यात बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टर पुरेसा होई.

भाषा आणि आशय

प्रवचने, भक्तिगीते व बायबलवाचनाबरोबरच आरोग्य, शेती व कुटुंबजीवन हेही या कार्यक्रमांचे विषय असतात. बर्मी कार्यक्रमांत शब्दांची निवड नाजूक ठरते. ईश्वरासाठी वापरला जाणारा 'फया' हा शब्द बुद्ध व पॅगोडा यांनाही लावला जातो. 'तया' या शब्दात धम्म, उपदेश व न्याय हे सारे अर्थ सामावतात. त्यामुळे ख्रिस्ती प्रवचनही बौद्ध परंपरेने घडविलेल्या भाषेतूनच बोलते. बौद्ध श्रोत्याला शब्द ओळखीचे वाटतात. परंतु त्यांचा अभिप्रेत अर्थ वेगळा असू शकतो.

आक्षेप व मर्यादा

बर्मी राष्ट्रवादात बौद्ध धर्म हा राष्ट्रीय ओळखीचा आधार मानला जातो. १९६१ मध्ये बौद्ध धर्माला राजधर्म घोषित करण्यात आले होते. २००८ च्या राज्यघटनेत त्याचे विशेष स्थान मान्य केले असून ख्रिस्ती धर्मासह इतर धर्मांच्या अस्तित्वाचीही नोंद आहे. २०१५ च्या कायद्याने धर्मांतरासाठी स्थानिक नोंदणी मंडळाची परवानगी आवश्यक केली. अशा वातावरणात परदेशातून होणाऱ्या धर्मप्रसाराकडे संशयाने पाहिले जाते. श्रद्धास्वातंत्र्य आणि माहिती मिळविण्याचा अधिकार, ही त्याची दुसरी बाजू आहे.

प्रसारणाचा परिणाम मोजणे कठीण आहे. श्रोत्यांची पत्रे हा संस्थांचा जुना आधार. परंतु पत्र लिहिणारा श्रोता हा सर्व श्रोत्यांचा प्रतिनिधी असतोच असे नाही.

सद्यस्थिती

रेडिओ व्हेरितास एशियाने ३० जून २०१८ रोजी लघुलहरी प्रसारण थांबवून इंटरनेटवर भर दिला. १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर मात्र म्यानमारमध्ये इंटरनेट वारंवार खंडित करण्यात आले. परिणामी, कालबाह्य समजल्या जाणाऱ्या लघुलहरी नभोवाणीचे महत्त्व तेथे पुन्हा जाणवू लागले.