पुण्याचा वीस इंची आरसा

आमच्या आग्रा रोडवरील मालमोटारीचा आरसा बाहेर फुगीर असतो. त्यात मागची गाडी लहान दिसते, म्हणून लांब वाटते, आणि नवखा चालक फसतो. दाढीचा आरसा मात्र आत खोलगट. त्यात तोंड मोठे दिसते.

किती मोठे? कागदावर दोन किरण काढा. अक्षाला समांतर गेलेला किरण नाभीतून परततो. नाभीच्या रेषेतून गेलेला समांतर परततो. परतलेले किरण आरशामागे वाढवले की जिथे मिळतील तिथे प्रतिमा. नाभीय अंतर ३० सेंटिमीटर आणि तोंड २० सेंटिमीटरवर असेल, तर प्रतिमा ६० सेंटिमीटर मागे पडते. ६० भागिले २०, म्हणजे तिप्पट.

पण हाच खोलगट आरसा चंद्राकडे धरला, तर प्रतिमा उलटी, नाभीपाशी आणि चिमुकली पडते : नाभीय अंतराच्या दर मीटरमागे सुमारे ९ मिलिमीटर. मग दुर्बिणीला मोठा आरसा कशाला? उजेड गोळा करण्यासाठी. मोठे करून दाखवण्याचे काम नेत्रिकेचे. वीस इंची आरसा अंधारातल्या डोळ्याच्या सुमारे पाच हजार पट प्रकाश गोळा करतो.

असा आरसा आपल्या पुण्यात होता. प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांना भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांनी ५,००० रुपये दिले. मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. त्यातून १८८८ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात वेधशाळा उभी राहिली. तेथील ग्रब कंपनीची वीस इंची दुर्बीण पुढे कित्येक वर्षे देशातील सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध नेगमवालांनी सोलापूरकडील जेऊर येथे घेतले.

१९१२ साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. आरसा फुटला नव्हता, आकाशही तेच होते. त्यांच्यामागे ते काम चालवणारे कोणी उभे केले गेले नव्हते.

मी शाळा लवकर सोडली. हे किरण युनियनच्या कचेरीतल्या कंदिलाखाली शिकलो. तिथे एक गोष्ट अनेकदा पाहिली : एका कार्यकर्त्याच्या जिवावर चाललेली कचेरी, तो थकला की कुलूपबंद होते. आपण एकेका माणसाचीच प्रतिमा मोठी करीत बसतो. आरशाचे मोठेपण चार दिशांचा नव्हे, पण चार बोटांच्या पलीकडचा उजेड एका ठिकाणी आणण्यात आहे. संस्थेचेही तेच. आपल्या गावच्या शाळेत, वाचनालयात, संघटनेत दुसरा माणूस आजच तयार करा.